सकाय काय खाशी?

आमच्या मामेसासऱ्यांनी जगाकडे पाहिलं ते जग टेबलावर आडवं पडलेलं असतानाच, असं माझं ठाम मत आहे. उभ्या माणसावर त्यांचा विश्वासच नव्हता. लग्नात मी पाया पडायला वाकलो, तर आशीर्वाद राहिला बाजूला, माझ्या पोटाकडे निरखून म्हणाले, "जवाईबापू, पुढेमागे हर्निया निघेल. भिऊ नका, आपण आहोत." नवरदेवाला असला आहेर दिलेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

बठ्ठी, म्हणजे सगळी, गल्ली त्यांना नाना म्हणायची. शिंदखेड्याकडच्या खेड्यातून फौजेत गेले आणि तिथे बंदुकीपेक्षा कात्र्या-चिमटेच जास्त हाताळले. पेन्शन घेऊन धुळ्याला आले, ते थेट एका खासगी दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरात. तिथे पार इन्चार्ज झाले. जेवणाआधी कोपरापर्यंत हात धुवायचे आणि दोन्ही हात छातीसमोर उंच धरून, कशालाही न शिवता पाटावर येऊन बसायचे. वाटेत दाराची कडी लागली की पुन्हा मोरीत. नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या धुळ्यात हा थाट! मामी कपाळाला हात लावायची. कारलं चिरायला बसले की "सुरी" म्हणून तळहात पुढे करायचे. मामीनंही "सुरी" म्हणायचं आणि मुठीकडून ती त्यांच्या हातावर ठेवायची. एवढं करून भाजी झाली की मुकाट्यानं जेवून उठायचे. छान झालीय, हे शब्द काही तोंडून निघायचे नाहीत. "तक्रार नाही म्हणजे रिपोर्ट नॉर्मल," एवढंच मामीच्या वाट्याला यायचं.

पण त्यांची खरी खासियत वेगळीच. भुलीचं इंजेक्शन देण्याआधी पेशंटच्या उशाशी उभं राहून विचारायचे, "सकाय काय खाशी?" उद्या काय खाणार? आदल्या रात्रीपासून उपाशी, भीतीनं गार पडलेला माणूस. त्याला आधी राग यायचा, मग तोंडाला पाणी सुटायचं. कोणी शेवभाजी सांगायचं, कोणी पुरणाचे मांडे. "मंग उठनं पडी," नाना बजावायचे. मग तुला उठावंच लागेल. फौजेत जखमी पोरांना विचारता विचारता ही सवय लागली, असं एकदाच बोलले. त्यावर पुढे काही विचारायची माझी छाती झाली नाही.

एकदा पारोळ्याचे कापडवाले चाचा "बिर्याणी" म्हणून झोपी गेले. नानांनी हा निरोप बाहेर बसलेल्या चाचींना इमानेइतबारे पोचवला. त्यांना वाटलं, डॉक्टरांचंच फर्मान! दुसऱ्या दिवशी वॉर्डात डेगची हजर. टाके ओले, पेशंट पेजेवर, सर्जन लालबुंद. नाना थंडपणे म्हणाले, "सर, मी विचारलं फक्त. खा म्हटलं नाही." डेगची स्टाफरूममध्ये रिकामी झाली. सर्जननीही दोनदा वाढून घेतलं.

अशा या माणसाच्या पित्ताशयात खडे निघाले आणि काय सांगू, वाघाची शेळी झाली. काढे प्याले, तारखा चुकवल्या, दवाखान्यात सर्जनसाहेबांची नजर टाळू लागले. शेवटी जळगावला आमच्याकडे जेवताना अशी कळ आली की पाटावरच आडवे झाले. आता टाळलंत तर जिवावर बेतेल, असं धुळ्याला परत नेल्यावर सर्जननी बजावलं. मामीनं देव पाण्यात ठेवले.

पुढचं थिएटरातल्या सिस्टरनं सांगितलेलं. आपल्याच टेबलावर पडून नानांनी आधी वरचा दिवा सरळ करवून घेतला. मग सिस्टरनं विचारलं, "नाना, उद्या काय खाणार?" भूलतज्ज्ञ सिरिंज धरून थांबले. एवढ्या लोकांकडून उत्तर काढणाऱ्या माणसाची आता पाळी होती. नाना म्हणाले, "तिना हातनं, जे व्हई ते." तिच्या हातचं, जे असेल ते.

ऑपरेशन नीट झालं. सिस्टरनं ते वाक्य मामीला सांगितलं, तेव्हा पदर तोंडाला लावून मामी रडली आणि रडता रडता हसली. म्हणाली, "एवढं ऐकायला यांचं पोट फाडावं लागलं व्हय?" तेव्हापासून ती रोज जेवण झालं की पुढचा बेत विचारायची आणि नाना ऐटीत फर्माईश सोडायचे.

दोन वर्षांपूर्वी नाना गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मामीला एकच गोष्ट बोचते. त्या दिवशी भांडी आवरायच्या नादात तिचं विचारायचं राहून गेलं.

गेल्या महिन्यात माझा हर्निया निघाला. नानांचं निदान ते, चुकतंय कशाला! जळगावच्या चकचकीत थिएटरात सगळे माझ्याशी फार गोड बोलले, पण उद्याचं कोणी काही विचारेना. मला नानांची फार आठवण आली. मास्क तोंडाशी आला तेव्हा मीच पुटपुटलो, "कळण्याची भाकरी आणि भरीत, नाना."

मग उठणं भागच होतं.