शंभर ग्रॅमचं वजन

भिंगारला आमच्या शेजारी राहणारे साहेब मूळचे रसायनशास्त्रज्ञ. पुढे देशाची वजनंमापं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचे प्रमुख झाले. निवृत्त झाले तरी मोजणं काही सुटलं नाही. आमच्या हिनं चहात चमचाभर साखर घालू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, कुठला चमचा?" त्यांच्याशी गप्पा म्हणजे तोंडी परीक्षाच. 'थोडाफार' हा शब्द तर त्यांना शिवीसारखा लागतो.

खिशात कायम शंभर ग्रॅमचं पितळी वजन. बाजारात ते दिसले की भाजीवाले उगाचच काटे पुसायला लागतात.

परवा मी बरोबर असताना एका म्हातारीच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्यांनी ते ठेवलं. काट्यानं शहाण्णव दाखवले.

"आजी, काटा चुकतोय. तुम्ही गिऱ्हाइकाला जास्त माल देताय."

"ठावं हाय मला," वांगी निवडता निवडता ती म्हणाली. "कुनाला कमी जाया नको, म्हनून तसाच ठिवलाय."

साहेबांचं वजन काट्यावरच राहिलं. शेवटी म्हातारीनंच ते वजन पदरानं पुसून त्यांच्या हातात दिलं.

परतताना मी मुद्दाम विचारलं, "किती चुकत होता हो काटा?"

"असेल थोडाफार," ते म्हणाले.