लग्नाच्या वेळी आईचं वय

लेकीला पिंपळे गुरवच्या दवाखान्यात मुलगी झाली आणि दुसऱ्याच दिवशी जन्मनोंदणीचा फॉर्म खाटेवर आला. आईचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता, सगळं तिनं झरझर भरलं. ‘लग्नाच्या वेळी आईचं वय’ या रकान्यापाशी मात्र पेन अडलं. लग्न झालेलंच नव्हतं. वाकडच्या फ्लॅटमध्ये ती आणि बाळाचा बाप चार वर्षं सुखानं राहतात, एवढंच.

“टाक सत्तावीस,” मी म्हणाले. “कोण बघायला येतंय!”

“आई, माझ्या पोरीच्या पहिल्याच कागदावर खोटं नको. बापाचं नाव लागायला हवं, आणि खरं सांगूनच लागायला हवं.”

खोट्या नोंदीच्या कामात माझा हात जुना होता.

लेक तीन महिन्यांची पोटात असताना आम्ही घाईघाईनं आळंदीला लग्न उरकलं होतं. लोक बोटांवर महिने मोजतील या धास्तीनं मी पोरीची नोंदच केली नाही. साडेतीन महिन्यांनी चाकणजवळच्या आमच्या गावी ग्रामसेवकाकडे गेले आणि ठोकून दिलं, “आठ दिवस झाले.”

तो मांडीवरच्या पोरीकडे बघतच राहिला. “ताई, आठ दिवसांत मान धरली?”

“आमच्यात खाणंपिणं बरं हाय, भाऊ.”

बिचाऱ्यानं लिहून घेतलं. केवढी हुशार समजत होते मी स्वतःला! बारशाच्या घुगऱ्या अख्ख्या आळीनं तीन महिन्यांपूर्वीच खाल्ल्या होत्या. फसला तो एकटा कागद. पुढं त्याच कागदापायी शाळेत वय कमी भरलं आणि पोर वर्षभर घरी बसली.

हे सगळं मी तिथंच लेकीला सांगून टाकलं. टाके ओढले जाईपर्यंत ती हसली.

“म्हणजे इतकी वर्षं मी भलत्याच दिवशी केक कापतेय?”

“गोड लागला ना? मग झालं!”

तिनं त्या रकान्यात आडवी रेघ मारली. फॉर्म न्यायला आलेल्या बाईंनी ती पाहिली आणि माझ्याकडे वळल्या. “आजी, लग्नाची तारीख?”

“लग्न झालेलं नाही,” मी म्हणाले. आवाज खणखणीत निघाला, माझंच मला नवल वाटलं.

“मग वडिलांचं नाव कसं लावू?”

“मी इथंच उभाय की, मॅडम,” बाळाचा बाप म्हणाला. त्याच्या एका हातात दुपटं होतं, दुसऱ्यात थर्मास.

बाईंनी महापालिकेत फोन लावून विचारलं. तिकडून सांगितलं, दोघांनी लेखी द्यावं, दोघांनी सह्या कराव्यात. लेकीनं उशीला टेकून सही केली, त्यानं दुपटं खांद्यावर टाकून केली. बाईंनी दोन्ही नावं मोठ्यानं वाचून खात्री करून घेतली आणि जाता जाता मला म्हणाल्या, “आजी, लग्न लावून टाका ना एकदाचं.”

“नोंद झाली ना, बाई?” मी म्हटलं. “आता लग्नाची घाई कुणाला आहे?”