व्हॉल्वचा अर्धा फेरा

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. या सदरातले अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते, तेही बहुतेक वेळा नवऱ्याला वाचून दाखवून हसायला. अमावस्या, पिंपळ, पांढरी साडी... आमच्याकडे यातलं काही नाही. आमच्याकडे आहे बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधला तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके. आणि जे घडलं ते संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, चक्क स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी. तरी लिहितेय, कारण सासूबाई म्हणाल्या, हसणारे हसतील, तू लिही.

घरात आम्ही तिघं. मी, नवरा अभय आणि सासूबाई, म्हणजे आई. सासरे, आमचे नाना, दोन वर्षांपूर्वी गेले. पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला उभा जन्म काढलेला माणूस. निवृत्तीनंतर आमच्याकडे बंगळुरूला आले आणि घराचंच मेंटेनन्स खातं उघडून बसले. कुठे दोन दिवस जायचं म्हटलं की यांची फेरी सुरू. गॅस बंद, गीझर बंद, वॉशिंग मशीनचा नळ बंद, आणि शेवटी मेन व्हॉल्व. कॅब खाली हॉर्न मारतेय, आणि हे वर युटिलिटीत, म्हणजे स्वयंपाकघरामागच्या बाल्कनीत, व्हॉल्वशी गप्पा मारतायत! एकदा या नादात आमची म्हैसूरची गाडी चुकली. तेव्हा मी त्यांच्याशी दोन दिवस धड बोलले नव्हते. आता वाईट वाटतं, पण तेव्हा माझी अगदी तळपायाची आग मस्तकात गेली होती.

त्या व्हॉल्वला एक खोड आहे. फिरवत गेलं की एका जागी तो घट्ट लागतो. वाटतं, झाला बंद. पण झालेला नसतो. तिथून पुढे अर्धा फेरा राहतो आणि तो द्यायला मनगटात जोर लागतो. नाना दर वेळी अभयला बजावायचे, "घट्ट लागला म्हणजे बंद झाला असं नाही. अर्धा फेरा राहतो." अभय दर वेळी फोनमध्ये बघत हो नाना म्हणायचा.

तर यंदा मे महिन्यात चार दिवस मडिकेरीला जायचं ठरलं. शनिवारी सकाळी निघायचं आणि नेमकी त्याच सकाळी सोसायटीची टाकी धुवायला काढलेली. नळाला थेंब नाही. अभयने जाऊन व्हॉल्व बंद केला. मी चार्जर शोधत होते, तिथूनच विचारलं, नीट केलास ना? तो म्हणाला, "हो गं, घट्ट लागला."

आता आईंचं ऐका. घर सोडताना त्यांची दोन कामं ठरलेली. एक, सिंकच्या भोकात फडक्याचा बोळा कोंबून वर वाटी उपडी घालायची, म्हणजे माघारी झुरळं वर येत नाहीत. दुसरं, ओट्यावर पाण्याने भरलेली कळशी ठेवायची, कारण घर रितं सोडू नये. बोळा कोंबून झाला. मग त्यांनी कळशी सिंकमध्ये नळाखाली धरली, नळ सोडला... पाणी कुठलं येतंय! तेवढ्यात कॅब आली. मी दारातून हाका मारायला लागले आणि आई कळशी तशीच नळाखाली ठेवून निघाल्या. नळ उघडाच!

म्हणजे नळ उघडा, सिंक बुजलेला आणि व्हॉल्व अर्धा फेरा कमी. संध्याकाळी टाकी भरली की काय होणार, हे शाळेतलं पोरही सांगेल. आम्ही मात्र म्हैसूर रस्त्याला, मद्दूरच्या अलीकडे गाणी म्हणत होतो.

आमच्या बरोबर खाली अक्का राहतात. मूळच्या मराठी, पण तीन पिढ्या बंगळुरूतच, त्यामुळे बोलण्यात निम्मं कन्नड. सहा महिन्यांपूर्वी राहायला आल्या, म्हणजे नाना त्यांनी कधी पाहिलेले नाहीत. आमच्या सिंकखाली त्यांचं डायनिंग टेबल येतं आणि त्या आठवड्यात त्या टेबलावर लेकीच्या लग्नाच्या साड्या मांडलेल्या होत्या. लग्न गुरुवारी. त्यात अक्कांच्या आईचा शालू होता, खऱ्या जरीचा. अक्का स्वतः तो नेसून बोहल्यावर उभ्या राहिलेल्या आणि आता लेक नेसणार होती. त्याला पाणी लागलं की रंग फुटणार, संपलंच. तसा दुसरा कुठून आणायचा?

मडिकेरीच्या होमस्टेत रेंज नव्हती. रविवारी सकाळी गावात इडली खायला गेलो तेव्हा फोन टिंगटिंग करायला लागला. अक्कांचा व्हॉइस मेसेज होता. थँक्स म्हणत होत्या, तुमच्या आजोबांनी लगेच पाणी बंद केलं म्हणून शालू वाचला, नाहीतर माझी पोर रडली असती.

कोण आजोबा? माझा इडलीचा घास हातातच राहिला. लगेच फोन लावला. अक्का म्हणाल्या, संध्याकाळी साडेसहाला छतातून टेबलाच्या कडेला थेंब पडला. मग दुसरा. एकटीने एवढ्या साड्या हलवायच्या कुठे आणि किती? आम्ही गावाला गेलोय हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी इंटरकॉमवरून आमचा नंबर लावला. दोन रिंगमध्ये उचलला.

"एक आजोबा बोलले," अक्का म्हणाल्या. "मी म्हटलं, स्वल्प पाणी ठिबकतंय हो. तर ते म्हणाले, हो हो, अर्धा फेरा राहिलाय. करतो बंद, तुम्ही तोवर पातेलं लावा खाली. मी सरी, बरं म्हटलं नि ठेवला. पाच मिनिटांत थेंब थांबला की."

अर्धा फेरा... हे शब्द आमच्या तिघांखेरीज जगात कुणाला माहीत नाहीत हो. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. अभय पांढराफटक पडला होता. आईंनी कॉफी खाली ठेवली आणि तेव्हाच त्यांना आठवलं की नळ उघडा राहिलाय. त्या रडायलाच लागल्या, माझ्यामुळे त्या पोरीचं लग्न बुडालं असतं म्हणून.

आम्ही तसेच परत फिरलो. अभयचं म्हणणं, चोर शिरलाय. मी म्हटलं, चोर इंटरकॉम उचलून शेजाऱ्यांना पातेलं लावायला सांगतो का?

दाराचं कुलूप जसंच्या तसं. किल्ल्या दोनच, एक माझ्या पर्समध्ये आणि एक आईंच्या. आत गेलो. नळ पूर्ण उघडा. कळशी काठोकाठ भरलेली, सिंकही. ओट्याखालची फरशी मात्र कोरडी आणि पुसायचं फडकं पिळून युटिलिटीच्या दांडीवर वाळत घातलेलं. अभयने नळ बंद करून व्हॉल्व उघडायला हात घातला तर तो हलेना. दोन्ही हातांनी हलेना. सोमवारी प्लंबर मंजुनाथ आला, त्याने मोठा पाना लावून घाम गाळला तेव्हा उघडला. तो मला ओरडलाच, मॅडम इतका कशाला आवळता.

आणि आता खरी गंमत. आमचा इंटरकॉम वर्षभरापूर्वीच मी काढून ठेवलाय. कुरिअरवाल्यांसाठी दिवसभर वाजायचा. वायर गुंडाळून तो लॉफ्टवर इस्त्रीच्या खोक्यात आहे. मी स्टूल घेऊन चढले, बघितलं. तिथेच होता, धूळ खात.

भीती? मला अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण आईंना बघून भीती कुठल्या कुठे पळाली, कारण आई चिडल्या होत्या. "माझ्याशी आयुष्यभर धड चार शब्द बोलले नाहीत," म्हणाल्या, "आणि अक्कांशी फोनवर बोलले." दोन दिवस त्या नानांच्या फोटोशी अबोला धरून होत्या. हार घातला, पण फणकाऱ्याने.

गुरुवारी लग्नाला गेलो. ती मुलगी शालूत अशी काही दिसत होती की विचारू नका. अक्कांनी आईंना पुढच्या रांगेत बसवलं आणि आजोबा का नाही आले म्हणून विचारलं. अक्कांना आम्ही तोवर काहीच सांगितलं नव्हतं. आई म्हणाल्या, "ते येऊन गेले." आणि डोळ्यांना पदर लावला. त्यांच्याबरोबर माझंही नाक लाल झालं.

खरं तर हे इथेच संपायला हवं होतं. पण गेल्या महिन्यात आम्ही दोन दिवस हंपीला गेलो. या वेळी कळशी आदल्या दिवशीच भरली. नळ मी स्वतः तीनदा तपासला, बंद. बोळा कोंबलाच नाही, झुरळांना येऊ दे म्हटलं. अभय व्हॉल्व फिरवायला लागला. घट्ट लागला. तो पुढचा जोर लावणार तेवढ्यात आईंनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे रे अर्धा फेरा," त्या म्हणाल्या.

अभयने माझ्याकडे बघितलं. ज्या बाईने या अर्ध्या फेऱ्यापायी म्हैसूरची गाडी चुकली म्हणून अबोला धरला होता, ती मी. मी म्हटलं, राहू दे.

परत आलो तेव्हा आई चपला न काढताच युटिलिटीत गेल्या. मी मागोमाग. व्हॉल्व फिरवून बघितला. अर्धा फेरा तसाच राहिलेला. आईंचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "अहो आई, नळ बंद होता ना. काम नसताना उगाच फेरी मारणाऱ्यातले होते का नाना?"

त्यांना ते पटलं. मग मला म्हणाल्या, पुढच्या वेळी नळ अगदी किंचित सोडून ठेवू या का, थेंब थेंब, खाली बादली लावून.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, अभयकडे नाही, आणि मंजुनाथ तर अजून मलाच बोल लावतो. विश्वास माझा आजही नाही. पण परवा स्टूल घेऊन मी लॉफ्टवर चढले, तो इंटरकॉम खाली काढला, पुसला आणि आईंच्या पलंगाशेजारी जोडून दिला.