पाय दिसल्याशिवाय नाव नाही

इंग्लंडमधल्या क्लन गावात अ‍ॅव्हरिल गार्बेटला कुणी दुष्ट म्हणत नाही, पण "फोटो पाठवला आणि बाईनं नाव दिलं नाही" हे रडगाणं दर उन्हाळ्यात ऐकू येतं. मधमाशीचं किंवा गांधीलमाशीचं सोंग घेऊन फुलांपुढे तरंगणाऱ्या माश्या, म्हणजे हॉवरफ्लाय, त्यांचे फोटो ओळख पटवून घ्यायला साऱ्या जिल्ह्यातून तिच्याकडे येतात. पूर्वी ती फिरत्या ग्रंथालयाची गाडी चालवायची. आता चहा निवतो, केकवर मांजर डोळा ठेवून बसतं, आणि ही नाक स्क्रीनला टेकवून पंखांतल्या शिरा बघते. ओळख पटली तर नाव, नाही तर "या फोटोवरून सांगता येत नाही." फोटो पाद्रीबाईंचा असो नाही तर खाटकाचा, उत्तर तेच. असली ताठ बाई गावाला एकच पुरे!

शेजारच्या रॉय ब्रीझशी तर तिचं रोजचं भांडण. रॉय फोटो काढायचा देखणे, पण सगळे वरून. "पाय कुठायत, रॉय? मांड्या दाखव, मांड्या!" ही कुंपणावरून ओरडायची.

"हळू बोल बाई, बायको घरात आहे," तो म्हणायचा.

त्याला ध्यास एकाच माशीचा. जुन्या ओकच्या रानातली, जाड मांडीची, दुर्मिळ. तशीच दिसणारी बारीक मांडीची दुसरी एक आहे, ती बऱ्याचदा भेटते आणि भल्याभल्यांना झुलवते.

मे महिन्यात हॉथॉर्नचं झुडूप पांढरंफेक फुललं होतं तेव्हा रॉय गेला. रानातून घरी आला, खुर्चीत बसला आणि बसल्या जागी संपला. त्याआधी बायकोला एवढंच म्हणाला, "डिलिस, आज सापडली बघ ती!"

काही आठवड्यांनी डिलिस त्यानं त्या दिवशी काढलेला फोटो घेऊन अ‍ॅव्हरिलकडे आली. "थडग्याचा दगड घडवणारा खोळंबलाय. रॉयच्या नावाखाली ती माशी कोरायचीय. तू फक्त हो म्हण."

फोटो सुरेख होता. वरून काढलेला. पाय सगळे फुलांत बुडालेले.

"यावरून सांगता येत नाही गं."

"तो मेलाय, अ‍ॅव्हरिल! मेलेल्या माणसालाही सूट नाही का तुझ्याकडे?" डिलिस दार आपटून गेली.

बातमी पसरली. "हो म्हणून टाका की, कुणाचं काय जातंय?" असं लोक तोंडावर म्हणू लागले. अ‍ॅव्हरिलनं संध्याकाळी त्या दुर्मिळ माशीचं नाव लिहिलंसुद्धा. मग पुसलं. रॉयनं इतकी वर्षं तिची बोलणी खाल्ली ती तिच्या होकाराला काही किंमत होती म्हणून. आता तोच होकार फुकटात वाटायचा? तिला ते जमेना.

सकाळी ती डिलिसच्या दारात उभी. "त्याचे बिघडलेले फोटो कुठायत? लोक मेले देखणा तेवढा पाठवतात आणि कामाचा मागे ठेवतात!"

ते कॅमेऱ्यातच होते. एकात नुसतं पान, एकात रॉयचा अंगठा. आणि एकात, हललेल्या, धूसर, तीच माशी बाजूनं दिसेल अशी उडताना, पाय लोंबकळत. डिलिस श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत होती.

"नाही गं," अ‍ॅव्हरिल म्हणाली. "ती नाही ही. बारीक मांडीची आहे."

डिलिसनं कॅमेरा एप्रनच्या टोकानं पुसला. मग उठून तिनं दगडवाल्याला फोन लावला.

"हो, माशीच कोरायचीय. पण मांड्या बारीक काढ हं. जाड काढल्यास तर आमची शेजारीण खपवून घेणार नाही, आणि आमचा म्हाताराही नाही."

अ‍ॅव्हरिल तिथंच टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडली, आणि डिलिसनं तिला रडू दिलं.