सुनेच्या हातावर रुसलेला कॉम्प्युटर

जुन्नरच्या जुन्या बाजारपेठेत कुंडलिकचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आधी तिथंच तो विहिरींच्या मोटारी दुरुस्त करायचा. मी रोज सकाळी जाऊन बसतो. चहा त्याचा, गावच्या भानगडी माझ्या.

त्याला एक खोड आहे. गिऱ्हाईक आलं की हा मशीन उघडतच नाही. काय बिघडलंय असंही विचारत नाही. विचारतो, "कवा व्हतं?" उत्तर आलं नाही तर वहीचं पान फाडून हातात देतो: आठ दिवस लिहा, किती वाजता चालू झाला आणि किती वाजता नाही. लोक वैतागतात. एकानं तर सुनावलं, "राव, मशीन आणलंय, पेशंट न्हाई!"

राजुरीच्या हौशीरामलाही असाच कागद मिळाला. त्याचं घर गावाबाहेर, मळ्यात. पोरानं, म्हणजे ऋषीनं, कॉलेजात असताना घेतलेला कॉम्प्युटर घरात होता. ऋषी संध्याकाळी कामावरून येऊन बटण दाबायचा, की पहिल्या फटक्यात चालू. त्याची बायको हर्षाली घरचं आवरून सकाळी दहाला बसायची, तर आतला पंखा नुसता घुर्र करायचा आणि पडदा काळाच. कधी चौथ्या खेपेला उठायचा, कधी उठायचाच नाही. हर्षाली लग्नाआधी एका छापखान्यात कामाला होती, आता घरबसल्या लग्नपत्रिका मांडून द्यायची. चार गावांत नाव व्हायला लागलं होतं. पण सासूनं, बायडाबाईनं, निकाल देऊन टाकला: पोरीचा हातच वंगाळ. तो निकाल मळ्यामळ्यांत फिरला. मीही दोन घरी सांगितला, खोटं कशाला बोलू? ठरलं असं, की शनिवारी कॉम्प्युटर भंगारात आणि हर्षाली कांद्याच्या रानात.

गुरुवारी हौशीराम चिठ्ठी घेऊन आला. सकाळी दहा, नाही. अकरा, नाही. संध्याकाळी सात, चालू. फक्त मंगळवारी सकाळी दहाला चालू.

"मंगळवारी काय झालं व्हतं?" कुंडलिकनं विचारलं.

"काय न्हाई. शेतीची लाइट दुपारनं आली, एवढंच."

कुंडलिक मान हलवत म्हणाला, "उद्या सकाळी येतो."

मीही त्याच्या गाडीवर मागं बसलो. भानगड डोळ्यांनी बघायला मिळणार असली की माझे गुडघे दुखत नाहीत.

त्यानं मशीन उघडून मला आत दाखवलं. वीज घेणाऱ्या डब्यातले, त्याच्या भाषेत सप्लायमधले, दोन भाग डोक्यावर फुगले होते. नवा सप्लाय पिशवीतच होता. म्हटलं, दहा मिनिटांचं काम, मग चहा. पण त्यानं झाकण परत लावलं.

"हौशीरामभाऊ, बसा खुर्चीवर. बटण दाबा."

हौशीरामनं दाबलं. घुर्र. पडदा काळा. पुन्हा दाबलं. तेच.

"अरारारा," मी म्हणालो, "हात घराण्यातच वंगाळ दिसतोय!"

बायडाबाईनं माझ्याकडं अशी नजर टाकली, की माझा चहा तिथंच गेला.

"आता मोटार बंद करून या," कुंडलिक म्हणाला.

आपल्याकडं विहिरीपर्यंत चालायचा कंटाळा म्हणून जो तो मोटारीला ऑटो बसवतो. शेतीची तिन्ही तारांची लाइट पाळीनं येते, घरापुरती एका तारेची कायम असते; शेतीची आली की मोटार आपोआप चालू. हौशीरामनं तर घराची तारही मोटारीच्याच जोडावरून ओढली होती. तो विहिरीवर जाऊन आला. डोक्यावरचा पंखा एकदम जोरात फिरायला लागला. बटण दाबलं, पडदा उजळला.

"मोटार चालली की घराला दाब कमी पडतोय," कुंडलिक म्हणाला. "ह्याचा सप्लाय म्हातारा झालाय, तेवढ्यावर उठत न्हाई. पोरगी बसते तवा मोटार चालू. ऋषी येतो तवा बंद. हाताचा काय संबंध?"

हर्षाली दाराशी उभी राहून ओढणीला हात पुसत होती. हात कोरडेच होते.

मग त्यानं सप्लाय बदलला. मोटार पुन्हा चालू करून हर्षालीला बटण दाबायला लावलं. चालू.

परतताना मी विचारलं, "आधीच बदलला असतास तर?"

"मशीन सुधारलं असतं, काका. म्हातारी म्हणाली असती, कुंडलिकचा हातगुण चांगला. पोरीचा हात वंगाळ तो वंगाळच." एक खड्डा चुकवून तो म्हणाला, "माझ्या आयच्या हातानं दूध नासतं म्हणायचे. जलमभर तिला दुधाला हात लावू दिला न्हाई. भांडं कुणीच बघितलं न्हाई."

नारायणगाव येईपर्यंत मी ती दोन घरं आठवत होतो, जिथं मी तो निकाल सांगितला होता.

शनिवारचं मला बायडाबाईच्या शेजारणीकडून कळलं. सुनेशी बायडाबाई आदल्या दिवसापासून त्या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती. भंगारवाला आला, तिनं त्याला गंजके पत्रे दिले. त्यानं आत बघून विचारलं, "मावशी, त्यो कॉम्प्युटर द्यायचा व्हता ना?"

"त्यो सुनंचा हाये," बायडाबाई म्हणाली. "अन् मोठ्यानं वरडू नको. ती कामाला बसलीये."