ओल्या हवेतला धागा

बिट्टीचे वडील बागेच्या फाटकापाशी साखरेचा कापूस विकायचे. पत्र्याची मोठी परात, मधोमध गरगरणारा तापलेला डबा आणि त्यात चिमूटभर रंगीत साखर. बघता बघता काडीभोवती गुलाबी ढग जमायचा. पोरं त्याला म्हातारीचे केस म्हणत. कॉलेजात कुणी विचारलं तर बिट्टी "बाबांचा खाण्याच्या पदार्थांचा धंदा आहे" एवढंच सांगून विषय बदलायची. खोटं काहीच नव्हतं त्यात, पण खरंही अर्धंच होतं.

बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा आटोपली आणि तिला एका संशोधन संस्थेत सुट्टीचे दोन महिने काम करायची संधी मिळाली.

"तिथे करणार काय तू?" आईने विचारलं.

"नॅनो."

"म्हणजे?"

"म्हणजे फार फार लहान."

"मग त्याला दोन महिने कशाला हवेत?" बाबा म्हणाले, आणि स्वतःच खो खो हसले.

पहिला आठवडा काचेची भांडी धुण्यात गेला. प्रयोगशाळेत चार वर्षं पीएचडी करणारा एक जण होता, त्याला सगळे दादाच म्हणत. "इथे सगळ्यांचा श्रीगणेशा मोरीतच होतो," त्याने तिला समजावलं. दुसऱ्या सोमवारी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी तिला एका यंत्रापुढे उभं केलं.

यंत्र दिसायला साधंच होतं. एका सुईतून जिलेटिनचं द्रावण हळूहळू बाहेर यायचं. सुईला विजेचा जबर दाब दिला की थेंबातून धागा सुटायचा आणि वीतभर अंतरावरच्या पत्र्यावर जाऊन बसायचा. तो धागा केसाच्या दोनशेव्या हिश्श्याइतका बारीक. तासाभरात पत्र्यावर सायीसारखा पांढरा पापुद्रा धरायचा. भाजलेल्या जखमेवर तो पसरला तर त्याच्या आधाराने नवी कातडी लवकर धरेल, अशी मॅडमना आशा होती. वाऱ्याने धागा हलू नये म्हणून त्या खोलीतला एसी बंद ठेवत.

चार दिवस सगळं झकास चाललं. मग पापुद्रे बिघडायला लागले. चिकट, गोळा झालेले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं तर धाग्यांऐवजी नुसत्या गाठी. बिट्टीने विजेचा दाब बदलला, अंतर बदललं, द्रावण तीनदा नव्याने बनवलं. मध्येच एखादा पापुद्रा उत्तम निघायचा, की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

"तुझा हात अजून बसला नाहीये," दादा म्हणाला. बोलण्यात खोच नव्हती, पण तिच्या मनाला लागलं. खोट आपल्यातच आहे, असं तिने धरून टाकलं.

त्या संध्याकाळी ती घरी आली तर बाबा घरातच, परात पुसत बसलेले.

"आज लवकर आलात?"

"गेलोच नाही. हवा बघ किती ओली आहे. अशा हवेत धागा धरत नाही, नुसता गोळा होतो. हात चिकट आणि पोरं हिरमुसली."

बिट्टीचा एक बूट पायात, एक हातात. "आणि परवा?"

"परवाही तासाभरात परत आलो. मंगळवारी मात्र असा सुटला म्हणतेस!"

मंगळवारी तिचाही पापुद्रा उत्तम निघाला होता. तिने वही काढली. दाब, अंतर, वेळ, सगळं तारीखवार लिहिलेलं होतं. फक्त हवा कशी होती ते कुठेच नव्हतं. सुईपासून पत्र्यापर्यंतच्या वीतभर वाटेत द्रावणातलं पाणी उडून जायला हवं. हवाच ओली असली तर ते जाणार कुठे?

सकाळी तिने मॅडमना गाठून हा संशय सांगितला.

"हे तुला कुणी सुचवलं?" मॅडमनी विचारलं.

बिट्टी क्षणभर घुटमळली. "माझ्या बाबांनी. ते बागेपाशी साखरेचा कापूस विकतात."

मॅडम हसल्या नाहीत. "किती वर्षं?"

"एकवीस."

"मग हवेची पारख त्यांना आपल्यापेक्षा जास्त आहे. पण एवढ्यावर मी मान डोलवणार नाही. सिद्ध करून दाखव."

दादाने यंत्रावर बसेल अशी प्लास्टिकच्या पारदर्शक पत्र्याची पेटी कापून दिली. बुटांच्या खोक्यात ओल शोषायला पांढऱ्या दाण्यांच्या पुड्या असतात ना, तसल्या ओंजळभर पुड्या बिट्टीने आत ठेवल्या आणि ओलावा मोजायचा छोटा मीटर टांगला. सहा पापुद्रे कोरड्या हवेत, सहा ओल्या. कोरड्यातले सहाच्या सहा उत्तम निघाले, ओल्यातला एकही धड नाही.

"बसला म्हणायचा हात," दादा म्हणाला.

"हात तोच आहे, दादा. हवा बदलली."

त्यावर दादाने कान पकडले.

मग मॅडमनी तिला पुढचं काम दिलं: छोट्या बश्यांत पापुद्रे ठेवून त्यांवर कातडीच्या पेशी वाढवायच्या. पहिल्या खेपेला सगळ्या बश्यांना बुरशी आली आणि बिट्टी मोरीपाशी जाऊन मनसोक्त रडली. दुसऱ्या खेपेला तिने डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली. तिसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकात पाहिलं, तर दहापैकी सात बश्यांत पेशींनी पाय पसरून धागे धरले होते.

शेवटच्या आठवड्यात मॅडमनी बाबांना बोलावून घेतलं. इस्त्रीचा शर्ट घालून ते यंत्रापुढे बराच वेळ उभे राहिले.

"हे लगेच भाजलेल्याच्या अंगावर लावता?"

"नाही. आधी बशीत, मग प्राण्यांवर, मग माणसांवर. दहा वर्षंही लागतील," मॅडम म्हणाल्या.

"लागू द्या," बाबा म्हणाले, "पण नीट करा."

जिना उतरताना ते हळूच म्हणाले, "मी काय करतो ते तूच सांगितलंस?"

"हो."

"बरं केलंस."

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी बिट्टीने सगळ्यांसमोर काम मांडलं. मागच्या रांगेतल्या एका वयस्क शास्त्रज्ञांनी विचारलं, "दहा बश्यांपैकी तीनमधल्या पेशी का मेल्या?"

ठोकून द्यायला उत्तरं पुष्कळ होती. "मला माहीत नाही, सर," ती म्हणाली. "शोधायचंय."

बाहेर आल्यावर मॅडमनी तिच्या हातात दाराची किल्ली ठेवली. "कॉलेज सुरू झालं तरी शनिवारी येत जा. त्या तीन बश्या तुझ्या."

पुढच्या शनिवारी नऊच्या ठोक्याला ती दारात हजर होती. दादा यायचा होता. तिने हात धुतले, कोट चढवला आणि वहीच्या कोऱ्या पानावर तारीख घातली.