अप्पांच्या डोक्यावरची शपथ

आमच्या स्टाफरूममध्ये असले किस्से इतके साठलेत, की रिटायर झाल्यावर सांगायचं म्हटलं तर तोवर माझं डोकं फुटेल. म्हणून आत्ताच सांगते.

*

नववीतली काही पोरं स्वतःच्या हाताला इजा करून घेतात, असं कळलं. हेडसरांनी काय करावं? प्रार्थनेला सगळ्या शाळेला हुकूम! "बाह्या वर करा, हात दाखवा!"

जिचा हात बघायचा होता, ती अश्विनी पुढं चार दिवस शाळेतच आली नाही.

*

पीटीचे सर म्हणाले, "मॅडम, आमच्या टायमाला असलं काय नव्हतं!"

"होतं सर. तुम्हाला कोण सांगणार होतं?"

*

बिदरला यावर ट्रेनिंग निघालं. शिक्षकांचा सिलॅबस राहतो म्हणून हेडसरांनी क्लार्कला धाडलं! तो खूश होऊन आला. "जेवण फर्स्ट क्लास होतं!"

"आणि पुस्तिका?"

"कपाटात कुलूप लावून ठेवलोय मॅडम. हरवाय नको."

*

अश्विनीचे अप्पा खटकचिंचोळीचे, किराणा दुकानवाले. लेकीवर भारी जीव. कळल्याबरोबर त्यांनी तिचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली, "परत केलीस तर मी मेलो म्हण!" सगळे निर्धास्त झाले. मीही झाले, याचाच मला जास्त राग येतो.

पंधरा दिवसांनी बघते तर पोरगी दर तासाला घरी जायचं म्हणायलीय.

"कामून गं?"

"अप्पाला बघून येते. शपथ मोडली मॅडम माझी."

माझं डोकंच सणकलं. अप्पांना फोन लावला. "काय केलात हे? आधीच पोरीला सोसंना, त्यात तुमच्या मरणाचं भ्या घातलात! आता ती कुणाला सांगणार?"

अप्पा तसेच धावत आले. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर तिचा हात उचलून परत डोक्यावर ठेवला. "सुटली. शपथ सुटली, बाई. मला काय बी होत न्हाई. आता सांग."

"अप्पा... काल पण."

पीटीच्या सरांनी तोंड उघडलं. मी असं बघितलं की त्यांनी ते मिटलं.

अप्पांनी रुमालानं डोळे पुसले. मला म्हणाले, "मनाच्या डॉक्टरचा नंबर द्या मॅडम, आज दुकान बंद." मग तिच्याकडं वळले.

"लई दुखलं का गं?"